अडीनडीच्या कपाटातला मऊ भात

वादळाच्या दुसऱ्या संध्याकाळी बाबांनी चार घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. बोलले काहीच नाहीत. ताटात डब्यातले काबुली चणे होते, थंडगार, वर मीठ-मिरपूड, सोबत कोरडी खारट बिस्किटं. माझ्या सहा वर्षांच्या लेकीनं एकेक चणा ताटाच्या कडेला ओळीनं मांडून ठेवला होता. टॉर्चच्या उजेडात ती ओळ न्याहाळत ती म्हणाली, "आई, गरम काहीच नाही का गं?"

त्या क्षणी घरात आम्हा तिघांना दोन आठवडे पुरेल एवढा शिधा होता.

वर्षभरापूर्वी अडीनडीला म्हणून मी एक कपाट भरलं होतं. हिशेब चोख होता: माणशी दिवसाला 2,000 उष्मांक, 14 दिवस; पाणी पिण्या-रांधण्याला धरून माणशी 4 लिटर, आठवडाभराचं. पांढरा तांदूळ, मसूर डाळ, राजमा, मूग, पास्ता, मैदा, साखर, मीठ, तेल, तुपाची एक बरणी, दूधपावडरचे दोन डबे, टोमॅटोचे आणि चण्यांचे डबे, इन्स्टंट नूडल्सची पाकिटं, बिस्किटं. प्रत्येक वस्तूवर मार्करनं तारीख घातली होती. कपाटाचं दार लावलं तेव्हा जीव अगदी निवांत झाला होता. पण त्या वर्षभरात त्यातलं एकही पाकीट फोडून मी कधी जेवण रांधलं नव्हतं. पुढच्या दिवसांत जी काही धडपड झाली, तिचं मूळ तिथंच होतं.

वीज पहिल्याच रात्री गेली. विजेबरोबर पंप बंद, पंपाबरोबर नळ बंद, आणि आमची शेगडी विजेवरची, त्यामुळे तीही बंद. नवरा कामासाठी परगावी अडकलेला, रस्त्यांवर झाडं आडवी. पहिला दिवस फ्रिजवर निभावला. वीज गेल्यावर दार न उघडता ठेवलेला फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो, गच्च भरलेला फ्रीझर दोनेक दिवस. म्हणून आधी दूध आणि उरलंसुरलं संपवलं, नंतर कपाटाकडे वळले.

आच म्हणून हाताशी होती ती एक छोटी गॅस शेगडी आणि तिचे चार कॅन. मोठ्या आचेवर एक कॅन दीड-दोन तास चालतो. म्हणजे सगळे मिळून सहा ते आठ तासांची आच, आणि वीज कधी येईल याचा काही नेम नाही. शेगडी मी खिडकीशी ठेवायची, खिडकी सताड उघडी ठेवूनच पेटवायची. पाऊस आत आला तरी चालेल. (कोळशाची शेगडी तर बंद घरात कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेतच माणसं जातात.)

दुसऱ्या दिवशी मी राजमा करायला घेतला. रात्रभर भिजवला होता, फुगलाही होता. लवकर चव उतरावी म्हणून टोमॅटोचा डबा सुरुवातीलाच ओतला. तासभर शिजवला, दाणा बोटात दाबून पाहिला, आत खडा. अजून अर्धा तास. साल सुटून आलं, गर तसाच कडक. बघता बघता पहिला कॅन फुरफुरून विझला.

काय चुकलं ते नंतर नीट समजून घेतलं. कडधान्य उबदार, दमट जागी महिनोन्‌महिने राहिलं की त्यातल्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन आणखी घट्ट होत जातं आणि दाणा पाण्यालाही दाद देत नाही. माझं कपाट स्वयंपाकघराच्या तापणाऱ्या भिंतीला लागून होतं. वर टोमॅटोचा आंबटपणा. आंबटात कडधान्य शिजायला फार वेळ लागतो, म्हणून आंबट नेहमी शेवटी घालायचं. चिमूटभर खायचा सोडा घातला असता तर थोडी मदत झाली असती, पण सोडा मी यादीत धरलाच नव्हता. बरं, अर्धाकच्चा राजमा तसाच खाऊन टाकू म्हणावं तर तेही नाही. राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं एक बाधणारं प्रथिन असतं. ते जायला दाणे भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळावे लागतात, तेही किमान 10 मिनिटं, अर्धा तास उकळले तर उत्तम. मंद आचेवर नुसते कोमट शिजलेले दाणे कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतात. माझा राजमा खळखळून उकळलेला होता, पण म्हाताऱ्या माणसाला आणि लहान पोराला तसला कडक दाणा घालायचं धाडस मला झालं नाही. सगळं पातेलं टाकून दिलं. पाणी गेलं, आच गेली, टोमॅटो गेला. म्हणून त्या संध्याकाळी थंड चणे.

लेक झोपल्यावर मी कपाट उघडून त्याच्यासमोर खाली फरशीवर बसले. टॉर्च तोंडात धरून एकेक वस्तू बाहेर काढली. यादी करताना मी विचारलं होतं, यात उष्मांक किती, हे किती दिवस टिकेल. आता मी स्वतःला दुसरंच विचारत होते. तापातून उठल्यावर मला काय खावंसं वाटायचं? परीक्षा बिघडली त्या दिवशी आईनं काय पुढ्यात ठेवलं होतं? दरवेळी उत्तर साधारण एकच येत होतं. गरम, मऊ, चावायला न लागणारं, चमच्यानं खाता येईल असं, आणि ज्याचा वास आतल्या खोलीपर्यंत पोचेल असं काहीतरी. त्यातला मऊपणा तांदूळ आणि मसूर यांच्या जवळ होता. वास मात्र त्या ढिगाऱ्यात कुठे होता ते मला दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मसूर डाळ मोजून सहा वाट्या पाण्यात तासभर भिजत घातली. सालं काढलेली लाल मसूर अडीनडीला फार उपयोगी. ती न भिजवताही 15-20 मिनिटांत विरघळते, जुनी असली तरी फारशी अडत नाही. भिजवल्यावर आच आणखी वाचते. तेच पाणी, झाकण घट्ट, शेगडीवर ठेवून उकळी आणली आणि मोजून 10 मिनिटं उकळू दिलं. झाकण एकदाही उचललं नाही.

आणि मग शेगडी बंद केली. पातेलं टॉवेलात गुंडाळलं, पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाला घडी घातलेली गोधडी, त्यावर पातेलं, चारी बाजूंनी उशा ठासून, वरून दुसरी गोधडी. खोकं बंद. ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात इंधनाची टंचाई असताना ब्रिटनमध्ये अनेक घरांत लाकडी पेटीत वाळलेलं गवत भरून त्यात पातेली ठेवत. गवत काय, गोधडी काय, काम एकच: आत अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. पातेलं जवळजवळ भरलेलं हवं, कारण थोडं अन्न लवकर निवतं. आणि बाहेर काढल्यावर ते वाफाळतं, हात न लावण्याइतकं गरम असायला हवं. 60 अंशांच्या खाली बराच वेळ राहिलेल्या भातात जंतू वाढतात. शंका आली तर पुन्हा उकळी आणायची.

सव्वा तास मी त्या खोक्याजवळ बसून होते. लेक अधूनमधून येऊन गोधडीला कान लावायची. "आतून आवाज येतोय," म्हणायची. येत नव्हता, पण मी हो म्हटलं.

उघडलं तेव्हा वाफेचा लोट चष्म्यावर आला. भात आणि डाळ एकजीव झाली होती, फिकट पिवळसर, पळीवरून सावकाश ओघळेल अशी. चव पाहिली. मऊ, गरम, खारट. चवीत मात्र काहीतरी अर्धवट राहिलं होतं. बाबांना असं दिलं असतं तर त्यांनी माझ्या कष्टांकडे बघून खाल्लं असतं.

इथे मी केलेली गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण त्या सहा दिवसांतला माझा सगळ्यात मोलाचा शोध तोच.

लहान कढल्यात दोन चमचे तूप मंद आचेवर वितळवलं आणि त्यात एक सपाट चमचा दूधपावडर टाकली. टाकल्याबरोबर ती पांढऱ्या कणांसारखी तुपात पसरते, थोडा फेस येतो. चमचा हलवतच राहायचं, थांबायचं नाही. पंधरा-वीस सेकंद काहीच घडत नाही. मग कण बदामी होतात. आणि मग एकाएकी वास सुटतो. भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, ताज्या बिस्किटासारखा, लोणी कढवताना तळाशी बेरी धरते त्या वासासारखा. रंग चहासारखा झाला की लगेच कढलं आचेवरून खाली. अजून दहा सेकंद ठेवलं तर करपून कडू होतं, माझा पहिला घाणा तसाच गेला. दुधातली साखर आणि दुधातलं प्रथिन कोरड्या आचेवर एकत्र आले की हा रंग आणि हा वास तयार होतो. पावाच्या तांबूस सालीमागे आणि भाजलेल्या कॉफीमागेही मुख्यतः हीच क्रिया असते. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ती 1912 मध्ये मांडली, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. पाण्यात उकळलेलं अन्न 100 अंशांच्या वर जात नाही, म्हणून नुसत्या उकळलेल्या जेवणाला हा वास कधी येत नाही. अडीनडीच्या जेवणात जवळजवळ सगळंच उकळलेलं असतं. तुपात पाण्याचा अंश नसल्यासारखा असल्यामुळे त्यात आच सहज वर चढते, आणि तूप टिकतंही त्याचमुळे.

कढलं खाली घेतल्यावर त्याच गरम तुपात चिमूटभर जिरं आणि चिमूटभर लसूण पावडर टाकली आणि सगळं मऊ भातावर ओतलं. चर्र झालं. आतल्या खोलीतून बाबा उठून आले.

ते समोर बसले, दोन चमचे खाल्ले. मी त्यांच्याकडे न बघता लेकीला भरवत होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "जरा आंबट काही आहे का घरात?"

हे विचारणं मला फार मोठं वाटलं. आदल्या दिवशी त्यांना काहीही नको होतं. आता त्यांना काहीतरी हवं होतं.

लिंबू नव्हतं. लोणच्याची बरणी आठवडाभर आधीच संपलेली. पण फरशी पुसायच्या सामानात व्हिनेगरची बाटली होती, साधं खाण्याचंच, सफाईला म्हणून आणलेलं. त्याचे पाच-सहा थेंब त्यांच्या वाटीत घातले आणि मी स्वतः चाखून पाहिलं. सबंध वाटी जागी झाली. खारट होतं ते खमंग लागायला लागलं, डाळीचा बसकेपणा गेला. बाबांनी वाटी निपटून पुन्हा पुढे केली.

त्या दुपारी मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: तूप, दूधपावडर, जिरं, लसूण पावडर, व्हिनेगर. पाचही मिळून एका हाताच्या पंज्यात मावतील. कपाटात दहा किलो तांदूळ होता आणि त्या तांदळाला जेवण बनवणाऱ्या या पाच गोष्टींतल्या तीन माझ्या यादीत नव्हत्याच.

दुधाचं मात्र दोन दिवस जमेना. लेकीला रोज संध्याकाळी कपभर दूध लागतं, आणि पावडरचं दूध तिनं ओठाला लावून ठेवून दिलं होतं. तिचं खरं होतं. गरम पाण्यात मी पावडर टाकली होती, तिच्या गुठळ्या झाल्या, बाहेरून चिकट, आतून कोरड्या. आणि त्या दुधाला एक शिजका वास असतो. पावडर करताना दूध तापवून, आटवून, गरम हवेत फवारून वाळवतात, त्याचा तो वास. गुठळ्यांवर उपाय सोपा निघाला: आधी थोड्या कोमट पाण्यात पावडर कालवून साईसारखी गुळगुळीत पेस्ट करायची, मग बाकीचं पाणी थोडं थोडं घालायचं. पूर्ण सायीच्या पावडरला लिटरभर दुधासाठी साधारण 125-130 ग्रॅम लागते. मी आधी काटकसर करून निम्मीच घालत होते, म्हणून ते पाणचट लागायचं. काटकसर करायचीच तर कपाचा आकार लहान करावा, दूध पातळ करू नये.

शिजका वास घालवायला फ्रिज असता तर दूध रात्रभर गार ठेवता आलं असतं. फ्रिजशिवाय कालवलेलं दूध दोन तासांच्या वर ठेवणं धोक्याचं. मग मी दुसऱ्या बाजूनं गेले. पातेल्यात दोन चमचे साखर कोरडीच तापवली. कडेनं विरघळली, सोनेरी झाली, तांबूस झाली, धुराची पहिली रेघ दिसायच्या आत त्यात अर्धा कप गरम पाणी बेतानं घातलं. फार उसळतं, हात लांब ठेवावा आणि पोराबाळांना जवळ येऊ देऊ नये. कडक झालेली साखर पुन्हा विरघळली की आच बंद करून त्यात दुधाची पेस्ट, वर कणभर मीठ. तांबूस साखरेच्या वासापुढे पावडरचा वास राहिलाच नाही. लेकीनं कप दोन्ही हातांत धरला, वाफ नाकावर घेतली आणि विचारलं, "हे कुठलं दूध?" "वादळाचं," मी म्हटलं. कप रिकामा झाला. पुढच्या तिन्ही संध्याकाळी तिला वादळाचंच दूध हवं होतं.

नूडल्सचं वाईट वाटलं. ती मी मुद्दाम लाड म्हणून ठेवली होती, म्हटलं अगदीच कंटाळा आला की फोडू. फोडली तर खवट वास. इन्स्टंट नूडल्स ही मुळात भुकेतूनच जन्मलेली वस्तू. युद्धानंतरच्या जपानमध्ये ओसाकाला एका वाटीसाठी ताटकळणारी लोकांची रांग मोमोफुकु आंदो यांनी पाहिली होती. पुढे 1958 मध्ये त्यांनी शेवया तेलात तळून वाळवायची पद्धत बसवली. तळताना पाणी उडून जातं, शेवयांत बारीक छिद्रं राहतात, आणि उकळतं पाणी त्या छिद्रांतून चटकन आत शिरतं. पण त्याच तळण्याचं तेल शेवयांत राहतं, आणि तेल खवट होतं. म्हणून ही पाकिटं सहा महिने ते वर्षभराची असतात. हातसडीचा तांदूळ कोंड्यातल्या तेलामुळे असाच वर्षाच्या आत बिघडतो, तर पांढरा तांदूळ कोरडा आणि हवाबंद ठेवला तर वर्षानुवर्षं राहतो. माझ्या पाकिटांवर तारीख होती, मीच घातलेली. ती वाचायला मी वर्षभरात एकदाही कपाट उघडलं नव्हतं.

चौथ्या दिवशी पास्ता. पास्त्याला भांडंभर पाणी उकळायचं आणि मग ओतून द्यायचं, ही चैन परवडणारी नव्हती. तासभर थंड पाण्यात भिजवला, तो फिकट आणि लवचीक झाला. टोमॅटोचा डबा उघडायला घेतला तर नेहमीचं ओपनर विजेवरचं! नशिबानं खणाच्या तळाशी जुनं, हातानं फिरवायचं सापडलं. निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्यानं बंद बाटल्यांत अन्न उकळून टिकवायची रीत शोधली, त्याला 1810 मध्ये फ्रेंच सरकारनं 12,000 फ्रँक दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड यांनी पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. पण डबा उघडायचं खास हत्यार यायला त्यानंतर चार दशकांहून जास्त काळ गेला, तोवर लोक छिन्नी-हातोडीनं डबे फोडत. त्या रात्री मला त्या लोकांची फार जवळून आठवण झाली. एक डबा वरून फुगलेला निघाला, तो न उघडताच टाकला. फुगलेल्या डब्यात बोटुलिझमचा जंतू असू शकतो आणि त्याचं विष चवीला कळत नाही, त्यामुळे तिथे चाखून बघू वगैरे नाहीच.

डब्यातल्या टोमॅटोला एक पत्र्याचा, आंबटढाण वास असतो. तेलात लसूण पावडर आणि चिमूटभर साखर घालून टोमॅटो मी परतत राहिले, विटेसारखा रंग येऊन कडेनं तेल सुटेपर्यंत. आच खर्च झाली, पण इथे ती मी मुद्दाम केली. टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं. किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये जपानमध्ये समुद्री शेवाळाच्या रसातून जी पाचवी चव वेगळी काढली, उमामी, ती हीच. टोमॅटो आटला की ती दाट होते आणि मांस-मटणाशिवायही जेवण भरलेलं लागतं. त्यात भिजलेला पास्ता आणि भिजवणीचंच पाणी, दोन-तीन मिनिटं, झालं.

पण तीन दिवस मऊच मऊ खाऊन जिभेला कंटाळा आला होता. डब्यातलं आणि उकळलेलं सगळं अन्न मऊ असतं, ही गोष्ट यादी करताना कधीच डोक्यात येत नाही. नकोशी झालेली ती खारट बिस्किटं मी कपड्यात घालून लाटण्यानं जाडसर कुटली, तुपात लालसर परतली आणि पास्त्यावर भुरभुरली. लेकीनं आधी वरचं कुरकुरीत सगळं खाल्लं आणि मग वाटी पुढे केली, "अजून तेच वर घाल." बाबांच्या दातांना ते झेपणारं नव्हतं, त्यांनी आपला वाटा नातीच्या वाटीत सरकवला.

पाचव्या दिवशी मैद्याच्या जाड पोळ्या तव्यावर भाजल्या. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की भाकरी-पोळी कसलीही असो, तव्यावर पीठ भाजल्याचा वास आला की घर पुन्हा घरासारखं वाटतं. त्याच दिवशी मुगाला मोड आले. तिसऱ्या दिवशी मी मूठभर मूग भिजवून ओल्या फडक्यात बांधले होते, दिवसातून दोनदा स्वच्छ पाण्यातून काढत होते. पाच दिवसांनी ताटात काहीतरी हिरवट, जिवंत दिसलं. कच्च्या मोडांत उबेनं जंतूही वाढतात, म्हणून मी ते वाफवून घेतले, तरी करकरीतपणा राहिला. बाबा एकेक मोड उचलून बघत होते. "हे काल नव्हतं," म्हणाले.

सहाव्या दिवशी दुपारी वीज आली. फ्रिज घरघरला, पाठोपाठ नळातून लालसर पाणी आलं. उरलेल्या तीन कॅनमधला शेवटचा अजून अर्धा भरलेला होता.

त्यानंतर कपाट मी तापणाऱ्या भिंतीपासून हलवलं. राजमा काढून टाकला, त्याजागी शिजवलेल्या राजम्याचे डबे ठेवले; आच कमी असताना कोरडं कडधान्य हे ओझं ठरतं, मसूर-मूग सोडून. एक खण वेगळा केला आणि त्याला आम्ही 'शेवटचा हात' म्हणतो. त्यात तुपाच्या छोट्या बरण्या, व्हिनेगर, लिंबूफूल, जिरं, मिरी, लसूण पावडर, तळून सुकवलेला कांदा, खायचा सोडा, लोणचं, आणि हातानं फिरवायचं ओपनर दोरीनं बांधून. एकाच मोठ्या बरणीऐवजी छोट्या बरण्या, कारण उघडलेली वस्तू संपवावी लागते.

आणि महिन्यातल्या एका शनिवारी विजेची शेगडी न लावता त्या कपाटातलंच जेवण करायचं, असं ठरवलं. वापरलेल्या वस्तूच्या जागी नवी आणून मागे ठेवायची, जुनी पुढे. पहिल्या महिन्यात लेक कुरकुरली, आता खोक्यात उशा तीच ठासते. गेल्या शनिवारी दूधपावडर तुपात परतताना बाबा शेजारी उभे होते. रंग बदामीवर आला तशी त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला, "आता उतरव, करपेल." मी कढलं खाली घेतलं. चहाचा रंग यायला कढल्यातली धग पुरली.